बटाट्याच्या वाटीत पाणी आलं कुठून?

प्रयोगातून विज्ञान : भाग ९

गेल्या भागात साखर पाण्यात विरघळते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी : विसरण आणि परासरण. आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘पेशी व पेशीअंगके’ हा दहावा पाठ आहे, त्यात हे शब्द येतात. कर्जत आणि खालापूरच्या शिक्षकांना माझी पहिलीच विनंती आहे, की त्या पाठाची वाट पाहू नका. दहावा पाठ येईपर्यंत दिवाळी होऊन जाते. दिवाळीनंतर इथली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात, आणि वर्गातले मागचे बाक रिकामे होतात. ज्या मुलांचे हात प्रयोगात सगळ्यात चपळ चालतात, नेमकी तीच प्रयोगाच्या दिवशी वर्गात नसतात. म्हणून हे प्रयोग आत्ता करा, लावणी उरकल्यावर, श्रावणात, वर्ग भरलेला असताना. पाठ नंतर वाचला तरी चालतो.

सामान अगदी थोडं. चार बटाटे, मूठभर साखर, दोन ताटल्या, पाणी. दोन बटाटे उकडून गार करा, दोन कच्चेच ठेवा. प्रत्येकाचा वरचा भाग चपटा कापून त्यात चमच्याने खोलगट वाटी कोरा. खालच्या निम्म्या भागाची साल काढायला विसरू नका, कारण पाणी अडवणं हेच सालीचं काम असतं. चारही बटाटे पाण्याच्या ताटल्यांत उभे करा; पाणी वाटीच्या काठाच्या बरंच खाली राहू दे. आता एका कच्च्या आणि एका उकडलेल्या बटाट्याच्या वाटीत एकेक चमचा साखर घाला. उरलेले दोन तसेच रिकामे.

इथे थांबा. काय होईल ते मुलांना आधी विचारा आणि फळ्यावर लिहून घ्या. कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत मी हा प्रयोग केला, तेव्हा एक मुलगी ठामपणे म्हणाली, “उकडलेल्यात येणार पाणी. तो मऊ असतो ना, पाणी पटकन शिरेल.” अर्ध्याहून जास्त वर्ग तिच्या बाजूने झाला. तर्क चुकीचा नव्हता, उकडलेला बटाटा पाणी पितो हे तिने घरी रश्श्यात पाहिलेलं होतं. सकाळी अकराला ताटल्या खिडकीत ठेवल्या. साडेतीनला पाहिलं, तर कच्च्या बटाट्याच्या साखरेच्या वाटीत पाण्याची तळी झाली होती. उकडलेल्यातली साखर ओलसर झाली होती, पण वाटी भरली नव्हती. रिकाम्या दोन्ही वाट्या जवळपास कोरड्या. ती मुलगी उठून आली, तिने कच्च्या बटाट्याच्या वाटीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, “गोड आहे. पण हे पाणी तर खालचं आहे.” मग तिने स्वतःच विचारलं, “उकडल्यावर काय बिघडलं?”

आपल्याला हवा होता तो प्रश्न हाच. शिक्षकाने विचारला असता तर त्याचं उत्तर पाठ केलं गेलं असतं.

बिघडतं ते असं. बटाटा लाखो पेशींचा असतो आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असतं. ते पाण्याला सहज जाऊ देतं, साखरेला अडवतं. पुस्तकात याला निवडक्षम पारपटल म्हटलं आहे. उकडताना पेशी मरतात, पटल फाटतं, आणि मग कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं ही निवडच उरत नाही. पाणी आणि साखर दोन्ही वाटेल तशी इकडेतिकडे जातात. कच्च्या बटाट्यात मात्र साखरेने वाटीलगतच्या पेशींतलं पाणी बाहेर येतं, त्या पेशी शेजारच्या पेशींकडून पाणी घेतात, आणि ही साखळी ताटलीपर्यंत पोचते.

“साखर पाणी ओढते,” असं मुलं म्हणतील. आपणही घरात तसंच बोलतो, लोणच्यात मीठ कैरीचं पाणी ओढतं म्हणून. बोलायला ते ठीक आहे, पण मुलांच्या डोक्यात साखरेला हात असल्याचं चित्र बसतं. ते पुसायला कबड्डीचं मैदान उपयोगी पडतं. पाऊस असेल तर पडवीत खडूने रेघा ओढा. मधल्या रेघेच्या एका बाजूला तीस मुलं, दुसरी बाजू रिकामी. शिट्टी वाजली की प्रत्येकाने डोळे मिटून हळूहळू वाटेल त्या दिशेला चालायचं. कोणी कोणाला ढकलायचं नाही, कोणी मुद्दाम पलीकडे जायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा शिट्टी, डोळे उघडून मोजणी. दोन्ही बाजूंना साधारण सारखी मुलं होतात. कोणी ठरवून गेलं नाही, तरी गर्दी पसरली. हे विसरण.

आता रेघेवर काही मुलांना अंतर ठेवून उभं करा, मधल्या फटीतून एक मूल जेमतेम जाईल इतकं. हे पटल. दोन्ही बाजूंना सारखीच मुलं ठेवा, पण एका बाजूची काही मुलं जोडीजोडीने बांबू आडवा धरून चालतील. ती साखर, फटीतून जाऊ शकत नाहीत. सुटी मुलं पाणी. साखरेच्या बाजूला सुटी मुलं कमी, म्हणून फटीपर्यंत पोचणारीही कमी. पलीकडून येणारी जास्त. थोड्या वेळाने मोजलं की साखरेच्या बाजूची गर्दी वाढलेली दिसते. पाणी दोन्हीकडे जातच असतं, फरक येण्या-जाण्याच्या हिशेबात पडतो. इतकं मुलांच्या लक्षात आलं, की मग फळ्यावर ‘परासरण’ लिहा. आधी नको. शब्द आधी दिला की मुलं तो लिहून घेतात आणि बघायचं थांबतात.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. बोटभर लांबीचे सारखे वीस तुकडे कच्च्या बटाट्याचे कापा. दहा साध्या पाण्यात, दहा मिठाच्या दाट पाण्यात. एकेक तुकडा तोलत बसू नका. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खालचा फरक दाखवत नाही, म्हणून दहाच्या दहा एकदम तोला, आधी आणि तासाभराने, फडक्याने हलकेच टिपून. मिठातले तुकडे वाकवले तर दोरीसारखे वाकतात, साध्या पाण्यातले कटकन मोडतात. आकडा आणि बोटांना लागणारा फरक एकच गोष्ट सांगतात, ती मुलांना वहीत स्वतःच्या शब्दांत लिहू द्या.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कांदा आणा, आणि तो लालच आणा. अलिबागचा पांढरा कांदा आपल्या जिल्ह्याचा अभिमान खरा, पण इथे रंग हवा. लाल पाकळीचं बाहेरचं पातळ सालपट काढून काचपट्टीवर ठेवा, पेशी जांभळ्या विटांसारख्या दिसतात. कडेने मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. बघता बघता जांभळा रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होतो. मग साधं पाणी सोडा, तो पुन्हा पसरतो. आठवीतल्या मुलाने हे एकदा पाहिलं की त्याला समजावण्यासारखं फार काही उरत नाही.

एक सावधगिरी. कडवे वाल भिजून फुगतात, तेच परासरणाचं उदाहरण म्हणून सर्रास दिलं जातं. बिरड्यासाठी वाल आपल्या घराघरात भिजतात, त्यामुळे मोह होतो. पण कोरडं बी सुरुवातीला फुगतं ते अंतःशोषणाने. त्याला जिवंत पटलाची गरज नसते, मेलेलं बीही तितकंच फुगतं. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच ते. हा फरक मुलांना सांगा. सातवी-आठवीच्या मुलांना तो कळतो, आणि आवडतोही.

परासरणाचा शोध काही फार गहन ठिकाणी लागला नव्हता. १७४८ मध्ये नोले या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्याने बांधून ते पाण्यात ठेवलं, तर कातडं फुगून वर आलं. त्याच प्रश्नाचं गणित मांडणाऱ्या व्हांट हॉफ यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. भांडं, कातडं, पाणी, इतक्यावर सुरुवात झाली. आपल्याकडेही १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ उच्च प्राथमिक शाळांत खेड्यातल्या मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. साधनं नाहीत ही सबब त्याने कायमची निकालात काढली.

कर्जतच्या मुलांना परासरण शेतात रोज भेटतं. राबावर युरिया जास्त पडला की रोपं करपतात, हे त्यांना ठाऊक असतं. मातीतलं पाणी खताने दाट झालं की मुळांना ते घेता येत नाही, उलट मुळांतलंच बाहेर जातं. पेण-अलिबागकडे खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की भात मरतो, तेही यामुळेच. म्हणूनच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राला खारट जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती काढाव्या लागल्या.

आणि शेवटी जुलाब. पावसाळ्यात वाड्यापाड्यांवर विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि लहान मुलं आजारी पडतात. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्याची भिंत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी परासरणाने आत येतं. मीठ जास्त झालं तर मात्र उलटं होतं, बटाट्याच्या तुकड्यांसारखंच. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. ते वर्गात मुलांकडून स्वतः मोजून करून घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा : उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमच्यावर ढीग नको. बाळाला थोडं थोडं, सारखं पाजायचं. मान टाकली किंवा पिणंच बंद झालं तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं.