बाळाचे श्वास मोजा, मगच औषधाचं बोला

बाळ शांत किंवा झोपेत असताना झबलं वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला इतके श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका :

• २ महिन्यांखाली : ६० किंवा जास्त
• २ ते १२ महिने : ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षे : ४० किंवा जास्त

ताबडतोब दवाखाना : श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ दूध ओढत नाही.

अँटिबायोटिक : साधी सर्दी विषाणूंची, तिथे ते निरुपयोगी. विनाकारण दिल्यास जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मागच्या आजारातली उरलेली बाटली वापरू नका.

लस : न्यूमोकोकल (पीसीव्ही), सरकारी केंद्रांत मोफत, ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने.