अमली पदार्थ कटाच्या खटल्यातील अपील (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने अमली पदार्थांच्या कटात दोषी ठरवलेल्या व्यक्तीने दोषसिद्धी, शिक्षा किंवा या दोहोंविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात मागितलेली दाद म्हणजे हे अपील होय. अपील हा फेरखटला नव्हे. त्यात साक्षीदार पुन्हा तपासले जात नाहीत. मूळ खटल्याच्या नोंदींवरून न्यायालयाची चूक झाली का, हे पाहिले जाते.

गुन्ह्याचे स्वरूप

संघीय कायदासंहितेच्या २१ व्या भागातील कलम ८४६ नुसार असा कट हा स्वतंत्र गुन्हा असून त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच असते. कटानुसार एखादी प्रत्यक्ष कृती घडल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये शबानी खटल्यात ठरवले. त्यामुळे आरोपी संगनमतात सामील होता का, हा प्रश्न कळीचा ठरतो.

कार्यपद्धती

निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत आरोपीने जिल्हा न्यायालयात अपिलाची सूचना दाखल करावी लागते. सामान्यतः तीन न्यायाधीशांचे पीठ अपील ऐकते. खटल्याच्या वेळी न घेतलेला आक्षेप अपिलात प्रथमच मांडल्यास तो मान्य होणे फार कठीण असते. गुन्हा कबूल करताना आरोपीने अपिलाचा हक्क सोडला असल्यास मार्ग आणखी अरुंद होतो.

दोषसिद्धीविरुद्धचे मुद्दे

पुरावा अपुरा असल्याचा मुद्दा वारंवार मांडला जातो. मात्र पुराव्याकडे सरकार पक्षाला अनुकूल दृष्टीने पाहूनही कोणतीही विवेकी ज्यूरी आरोपीला दोषी ठरवू शकली नसती, असे दिसल्यासच तो टिकतो. केवळ ग्राहक व विक्रेता एवढाच संबंध असल्यास तो कट ठरत नाही, असा बचावही केला जातो.

शिक्षेविरुद्धचे मुद्दे

शिक्षा बरीचशी पदार्थाच्या वजनावर अवलंबून असते. कोकेनच्या बाबतीत ५०० ग्रॅमला किमान ५ वर्षे, तर ५ किलोग्रॅमला किमान १० वर्षे कारावास आहे. किमान शिक्षा वाढवणारे असे तथ्य ज्यूरीपुढे निःसंशय सिद्ध व्हावे लागते, असे २०१३ च्या ॲलेन खटल्यात ठरले. शिक्षेविषयीची संघीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ च्या बुकर निकालापासून बंधनकारक नाहीत. तथापि त्यांनुसार केलेली आकडेमोड चुकल्यास शिक्षा रद्द होऊ शकते.

निकालानंतर

अपील न्यायालय निकाल कायम करते, रद्द करते किंवा नव्याने शिक्षा ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवते. अपील फेटाळल्यास ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तेथे सुनावणी मिळणे हा हक्क नाही. वकिलाने बचाव नीट केला नाही, ही तक्रार बहुधा स्वतंत्र अर्जाने मूळ न्यायालयातच मांडली जाते. त्यासाठी सामान्यतः निकाल अंतिम झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते.