यादीबाहेरच्या मुली

भिवंडीत आई कांड्या भरण्याच्या कामावर गेली, की घर आणि धाकटी भावंडे थोरल्या मुलीच्या गळ्यात पडतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी सरते. तिची खरी कसोटी तेथून पुढे.

2010 मध्ये निवडक 200 जिल्ह्यांत आलेल्या ‘सबला’ योजनेत पोषणासोबत जीवनकौशल्येही होती. पुढे चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी ही योजना ईशान्येकडील राज्ये व आकांक्षित जिल्हे यांपुरतीच उरली. महाराष्ट्रात असे जिल्हे चार. ठाणे त्यांत नाही. सरासरीचा हा दोष आम्ही वर्गात नित्य शिकवतो! जिल्ह्याऐवजी वस्ती हे एकक धरावे, आणि वर्ग आईची पाळी सुटल्यावर भरवावेत.