बैलाच्या कष्टाचं नको

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी. २०२५ साली ती २८ ऑगस्टला आली. या दिवशी आळंदीच्या घाटावर इंद्रायणीच्या स्नानाला बायकांची रीघ लागते. भोसरी, मोशी, चाकणच्या बायकांना आळंदी तशी हाकेच्या अंतरावर. आघाड्याच्या काडीने दात घासायचे, अंघोळ करायची, मग कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ आणि सोबत अरुंधती अशा आठ सुपाऱ्या मांडून पूजा करायची.

व्रत कशासाठी, हे पोथी आडपडदा न ठेवता सांगते. पाळीच्या दिवसांतल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून. वृत्राला मारल्याचं पाप इंद्राचं. त्याचा एक वाटा पाळीच्या रूपाने बायकांच्या पदरात पडला आणि उपासही त्यांच्याच माथी आला!

मात्र कहाणी ऐकताना मन अडकतं ते बैलापाशी. विटाळ पाळला नाही म्हणून बाई पुढच्या जन्मी कुत्री होते, नवरा बैल, आणि दोघंही स्वतःच्याच मुलाच्या दारी येतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाने गरळ टाकलेली कुत्री पाहते. जेवणाऱ्यांचे जीव वाचावेत म्हणून ती खिरीला तोंड लावते आणि सुनेचा मार खाते. बैल दिवसभर उपाशी राबतो. रात्री गोठ्यात दोघं दुःख सांगत असतात, ते मुलगा ऐकतो. त्यांच्या सुटकेसाठी ऋषी त्याला हे व्रत सांगतात. त्या दिवशी नांगरटीचं काही खायचं नाही.

म्हणून गहू नाही, ज्वारी नाही. परसातला माठ, अळू, भोपळा, पडवळ, दोडका, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, चिंचेचा कोळ. फोडणी नाही, मसाला नाही. ही ऋषीची भाजी. परसच उरलं नाही तिथे मंडईत या भाज्यांचे एकत्र वाटे मिळतात.

आता भोसरी-चाकणच्या पट्ट्यात नांगराला बैल क्वचितच जुंपतात. काम ट्रॅक्टर करतो. गावोगावी खिलार बैल जोपासले जातात ते शर्यतीच्या घाटात पळवायला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना १८ मे २०२३ च्या निकालाने कायद्याची वाट मोकळी झाली. ट्रॅक्टरने नांगरलेलं धान्य पंचमीला चालावं का? नियमाला धरून चालेलही. पण बायका तरीही ते खात नाहीत, आणि मला तेच बरोबर वाटतं.

स्नानाचं मात्र अवघड झालं आहे. वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळून आळंदीत इंद्रायणी वारंवार फेसाळते. शुद्धीची गरज असेल तर ती नदीला आहे. पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर ऋषिपंचमीच्याच पहाटे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. पंचमीचं हे रूप मला अधिक पटतं. पाळीचा दोष पोथीतच राहू द्यावा. भाजी मात्र दरवर्षी शिजावी, कारण वर्षातला एक दिवस तरी कुणाच्या कष्टावर जेवतो याचा विचार ती करायला लावते.