ऊब पाहणारी दुर्बीण

चुलीवरून तवा उतरवला. तो काही लाल झालेला नाही. तरी हात जवळ नेला की धग लागते. ही धग म्हणजे एक प्रकारचे किरणच. ते डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला कळतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने इ. स. १८०० मध्ये इंग्लंडात ते शोधले. लोलकातून उन्हाचे रंग पाडून त्याने तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला. तिथे उजेड नव्हता, तरी पारा चढला!

माणूस, बैल, मोटार, सारेच असे किरण सोडतात. हे किरण टिपणाऱ्या यंत्राला थर्मल इमेजर म्हणतात. काळोखात पहारा करणाऱ्या जवानाला त्यातून दूरवरचा माणूसही दिसतो.

पण जुनी यंत्रे जड असत. यंत्राच्या आतली, ऊब टिपणारी चकती स्वतःच गरम असली, तर बाहेरची ऊब तिला कशी कळावी? म्हणून ती शून्याखाली सुमारे १९६ अंशांपर्यंत थंड करीत. मग थंड करायचे यंत्र आले, त्याला वीज आली, विजेसाठी बॅटऱ्या आल्या. हा बोजा वाहणार कोण? जवानच ना! त्याच्या पाठीवर आधीच दारूगोळा, पाणी नि शिधा.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने थंड न करता चालणारी चकती बनवली. तिच्यावर हजारो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका नाजूक पायांवर अधांतरी असतो, म्हणजे त्याला लागलेली ऊब खाली पळत नाही. ऊब लागली की त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. ती मोजून यंत्र चित्र काढते. फार लांबचे पाहायला मात्र थंड चकतीची यंत्रे आजही लागतात.

आम्हाला खरे नवल वाटते ते भिंगाचे. इथे काच चालत नाही. काचेच्या तावदानामागे उभा असलेला माणूस या यंत्राला दिसतच नाही! म्हणून भिंग जर्मेनियमचे करतात. आपल्याला ते धातूसारखे, आरपार न दिसणारे वाटते, पण हे किरण त्यातून जातात. ते काचेच्या दुप्पट जड असते, शिवाय महाग.

आपल्या देशात देहरादूनची संरक्षण संशोधन संस्था अशी यंत्रे तयार करते. हिमालयात आणखी एक पंचाईत असते. थंडीने बॅटरीचा जोर लवकर उतरतो. जास्तीच्या बॅटऱ्या घ्याव्यात, तर पुन्हा ओझे.

आणि पडद्यावर दिसते ती नुसती पांढरी आकृती. लांबून चेहरा ओळखू येत नाही. तो घुसखोर आहे, की चुकलेले जनावर शोधणारा गुराखी? आकृती नीट दिसावी म्हणून भिंग मोठे करावे, तर दुर्बीण हाताला जड होते.