शर्यतीआधी ठरणारी शर्यत

१९ जून २००५, रविवार. अमेरिकेत इंडियानापोलिसला दुपार होती आणि आपल्याकडे रात्र. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला. मी जागा होतो तो एका पिवळ्या गाडीसाठी. जॉर्डन संघाच्या त्या गाडीत कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन बसला होता, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. वीस गाड्यांनी शर्यतीआधीची संथ फेरी मारली. ती संपता संपता एकेक गाडी पिटकडे वळू लागली. एक, दोन, पाच, दहा, चौदा. दिवे विझून शर्यत सुरू झाली तेव्हा ग्रिडवर सहाच गाड्या उभ्या होत्या. प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या भिरकावल्या. त्या विचित्र शर्यतीत कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले.

शुक्रवारच्या सरावात शेवटच्या, उतरत्या काठाच्या वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर तग धरत नाहीत हे उघड झालं होतं. त्या वर्षीच्या नियमानुसार शर्यतीत टायर बदलायला बंदी होती. मिशेलिनवर धावणाऱ्या सात संघांचं म्हणणं होतं, वळणाआधी अडथळा टाकून वेग कमी करा. जागतिक संघटना एफआयएचं म्हणणं होतं, एका कंपनीच्या टायरसाठी आयत्या वेळी ट्रॅक बदलता येणार नाही. आपापल्या जागी दोघांचंही खरं होतं. पण शुक्रवार ते रविवार हातात दोन दिवस असताना टायर कंपनी, संघ, एफआयए आणि व्यावसायिक कारभार सांभाळणारे बर्नी एक्लेस्टोन यांना मिळून एक निर्णय घेता आला नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या बाजूनं त्यांच्या बैठकीच्या खोलीत कुणीच बोलत नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. मोटार शर्यत ट्रॅकवर दिसते, पण तिचा कस ठरतो तो नियम लिहिले जातात त्या टेबलावर. नियम सुधारायचे तर आधी ते करण्याची रीत सुधारावी लागते. फॉर्म्युला वनची गेली वीस वर्षं याचाच धडा आहेत.

एक्लेस्टोन यांचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. विखुरलेल्या शर्यतींची मोट बांधून, टीव्हीच्या हक्कांचं मोल ओळखून त्यांनी या खेळाला श्रीमंत केलं. पण ती श्रीमंती प्रत्येक संघाशी वेगवेगळ्या करारांनी वाटली गेली. फेरारीसारख्या जुन्या, बड्या संघांना निकाल काहीही लागो, वेगळा वाटा. लहान संघांच्या हाती उरलंसुरलं.

हे दुखणं ओळखून एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी २००९ मध्ये खर्चावर मर्यादा सुचवली होती. आकडा ४ कोटी पौंडांचा. कल्पना योग्य होती, रीत मात्र फर्मान सोडण्याची. बड्या संघांनी वेगळी चूल मांडण्याची धमकी दिली आणि मर्यादा बारगळली. पण तिच्या भरवशावर तीन नवे संघ आधीच पाण्यात उतरले होते. त्यांपैकी एचआरटी २०१२ नंतर संपला. कार्तिकेयन आणि करुण चंढोक हे आपले दोघंही त्याच्या गाड्या चालवून गेले होते. केटरहॅमनं २०१४ मध्ये गाशा गुंडाळला, मॅनरनं २०१७ च्या जानेवारीत. तिघांच्या कारखान्यांतली माणसं एका न झालेल्या नियमाची किंमत मोजून घरी गेली.

पुढे नियम ठरवण्यासाठी ‘स्ट्रॅटेजी ग्रुप’ नेमला गेला. त्यात बड्या संघांना मतं होती, बाकीच्यांना कायमची जागा नव्हती. ज्यानं नियम पाळायचे त्याच्याच हाती लेखणी दिली, की तो आपल्या पोळीवर तूप ओढणार. तिथून निघालेल्या निर्णयांची गत २०१६ च्या पात्रता फेरीत साऱ्या जगानं पाहिली. दर दीड मिनिटाला सर्वांत संथ गाडी बाद करायची, अशी नवी पद्धत मेलबर्नला आली. घडलं असं, की शेवटच्या मिनिटांत कुणी ट्रॅकवर जायलाच तयार नव्हतं. घड्याळ चालू, ट्रॅक रिकामा आणि ड्रायव्हर गाडीबाहेर. दोन शर्यतींनंतर ती पद्धत गुंडाळावी लागली. निर्णय घेण्याची व्यवस्थाच कालबाह्य झाल्याचं खुद्द ड्रायव्हरांच्या संघटनेनं खुल्या पत्रात लिहिलं.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडियानं हा सगळा कारभार विकत घेतला. व्यवहार सुमारे ८ अब्ज डॉलरचा. एक्लेस्टोन बाजूला झाले, चेस केरी प्रमुख झाले आणि खेळाची तांत्रिक बाजू रॉस ब्रॉन यांच्याकडे आली. ही निवड मला सगळ्यांत मोलाची वाटते. बेनेटन आणि फेरारीत मायकल शूमाकरच्या सातही विजेतेपदांमागे उभा असलेला हा इंजिनिअर. २००८ च्या अखेरीस होंडानं संघ सोडला तेव्हा ब्रॉननी तो हाती घेतला आणि २००९ मध्ये जेन्सन बटनला जगज्जेता केलं. त्या वर्षीचे नियम ओव्हरटेकिंग सोपं व्हावं म्हणून बदलले होते. त्यांतली फट हेरून ज्या तीन संघांनी दुहेरी डिफ्यूझर, म्हणजे गाडीच्या तळाखालच्या हवेला मागून वाट देणारा भाग, बसवला, त्यांत ब्रॉनचा संघ होता. नियमातून पळवाट कशी निघते हे ज्याला आतून ठाऊक, त्यालाच आता नियम लिहायला बसवलं होतं.

बदलाची पहिली झुळूक मात्र साधी होती. मे २०१७, बार्सिलोना. पहिल्याच वळणावर किमी रायकोनेनची फेरारी बाद झाली आणि कॅमेऱ्यानं स्टँडमधला एक लहान मुलगा टिपला. लाल कपड्यांतला, हमसून हमसून रडणारा. नव्या व्यवस्थापनाच्या लोकांनी त्याला गर्दीत शोधून काढलं आणि आईवडिलांसह आत नेलं. रायकोनेन त्याला भेटला, त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. पूर्वी ज्या पॅडॉकच्या, म्हणजे संघांच्या राखीव आवाराच्या, दारातून पास असल्याशिवाय कुणाला शिरता येत नसे, ते दार एका रडणाऱ्या पोरासाठी उघडलं. इंडियानापोलिसच्या खोलीत ज्याची बाजू कुणी घेतली नव्हती, त्या प्रेक्षकाची कुणीतरी दखल घेतली होती.

ब्रॉननी पॅट सिमंड्स यांच्यासारखे जाणकार गोळा केले. हे लोक कुठल्याही संघाचे नोकर नव्हते आणि सगळी मेख तिथेच होती. त्यांच्यापुढचा प्रश्न समजून घ्यायला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारसायकलनं मोठ्या कंटेनरच्या मागे जाऊन पाहा. जरा अंतरावर वारा पडतो, बरं वाटतं. आणखी जवळ गेलात की हवेचे उलटसुलट धक्के बसू लागतात आणि हँडल हातात ठरत नाही. शर्यतीच्या गाडीचं याहून कठीण. तिचे पंख आणि तळ वाहत्या हवेच्या जोरावर तिला रस्त्याशी दाबून धरतात. हा दाब म्हणजे डाउनफोर्स. पुढच्या गाडीनं घुसळून टाकलेली हवा मिळाली की तो घटतो, वळणावर गाडी घसरते, टायर तापतात आणि ड्रायव्हरला माघार घ्यावी लागते. मागचा ड्रायव्हर कितीही वेगवान असो, त्याला पुढे जाताच येत नाही.

आता कुठला संघ मागच्या गाडीचा विचार करील? उलट मागच्याला घाण हवा मिळणं हे पुढच्याच्या फायद्याचं. म्हणून हा अभ्यास कुठल्याच कारखान्यात झाला नव्हता. ब्रॉनच्या चमूनं संगणकावर दोन गाड्या एकामागे एक धाववून पाहिल्या. जुनी गाडी पुढच्या गाडीमागे २० मीटरवर ३५ टक्के डाउनफोर्स गमावत होती, १० मीटरवर ४६ टक्के. मग १९८३ पासून हद्दपार असलेली युक्ती परत आणली गेली. वरच्या पंखांवरची भिस्त कमी करून गाडीच्या पोटाखालच्या बोगद्यांनी तिला रस्त्याकडे खेचायचं आणि मागची घुसळलेली हवा मागच्या गाडीच्या डोक्यावरून उडवायची. २०२२ च्या गाडीसाठी त्यांचे अपेक्षित आकडे होते ४ आणि १८ टक्के.

दुसरी गाठ पैशाची होती. त्यातला एक धागा आपल्या ओळखीचा आहे. सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या दाराशी एक कारखाना आहे. कार्तिकेयनची जॉर्डन तिथलीच. दोनदा हात बदलून २००८ पासून तोच संघ भारतीय परवान्यावर ‘फोर्स इंडिया’ म्हणून धावू लागला. बेताच्या पैशांत २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षं तो चौथा आला, तरीही २०१८ च्या जुलैत दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. त्याआधी २०१५ मध्ये या संघानं सॉबरसोबत युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती, पैशाचं वाटप आणि नियम करण्याची पद्धत दोन्ही अन्यायाची आहेत म्हणून. २०१८ च्या सुरुवातीला ती तक्रार मागे घेतली गेली. कारण काय, तर नवे लोक बोलायला बसतात. मोस्लींना फर्मान सोडून जे जमलं नाही, ते संवादानं जमू लागलं होतं.

वर्षाला १७.५ कोटी डॉलरची खर्चमर्यादा २०१९ मध्ये ठरली. २०२० मध्ये करोनानं शर्यती जुलैपर्यंत थांबवल्या, तेव्हा सगळ्यांच्याच तिजोऱ्यांचा तळ दिसला आणि मर्यादा १४.५ कोटींवर आली. ड्रायव्हरांचे पगार त्यात धरलेले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दहाही संघांनी नव्या करारावर सह्या केल्या. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते, तसंच हे. जोडीला आणखी एक नियम आला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, तसा. पवनबोगद्यातल्या चाचण्यांचा वेळ विजेत्या संघाला मूळ मर्यादेच्या ७० टक्के, तर दहाव्याला ११५ टक्के. विजेत्याची गाडी कुणी मंद करत नाही. मागच्याला शिकायला वेळ जास्त मिळतो, एवढंच.

फळ लगेच हाती आलं नाही, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. नवे नियम फसले, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. पण २०२४ मध्ये चार संघांनी प्रत्येकी किमान चार शर्यती जिंकल्या आणि सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी एकाहून अधिक. एका मोसमात सात जणांना हे पूर्वी कधीच जमलं नव्हतं. १९९८ नंतर प्रथमच मॅक्लारेन सर्वोत्तम संघ ठरला, तोही मर्सिडीजकडून इंजिन विकत घेऊन आणि खुद्द मर्सिडीजला मागे टाकून. २०२३ च्या सुरुवातीला याच मॅक्लारेनच्या गाड्या रांगेच्या शेपटाला होत्या. पैशाची भिंत उंच असती तर दोन मोसमांत ही झेप शक्यच नव्हती.

उणिवाही दिसल्या. २०२२ च्या गाड्या सरळ रस्त्यावर इतक्या उसळायच्या, की बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनला गाडीतून उतरणं जड गेलं. पुढे गाडीच्या तळाच्या कडा १५ मिलिमीटर उचलाव्या लागल्या. संघांनी युक्त्या लढवून घाण हवाही हळूहळू परत आणली. २०२१ ची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड झाला आणि चाचण्यांत कपात झाली. ही शिक्षा पुरेशी होती का, यावर आजही वाद आहे. सर्वांत मोठी जखम २०२१ च्या अबू धाबीची. शेवटच्या फेऱ्यांत, वेग रोखून धरणाऱ्या सेफ्टी कारमागच्या गाड्यांबाबतचा नियम अर्धाच पाळला गेला आणि जगज्जेतेपदाचं पारडं फिरलं. एफआयएनं पुढे ती मानवी चूक मानली आणि शर्यत-संचालक बदलला. नियम कागदावर कितीही नेटका असो, तो राबवणाऱ्याचा हात स्थिर आणि निःपक्ष हवा.

२०२६ मध्ये पुन्हा मोठा बदल आला. आता ब्रॉन निवृत्त आहेत. स्टेफानो डोमेनिकाली कारभार पाहतात आणि तेही ब्रॉन यांच्या काळातल्या फेरारीतच घडलेले. गाडी १० सेंटिमीटर अरुंद आणि ३० किलो हलकी झाली, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २० सेंटिमीटरनं घटलं. विजेवरची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली. इंधन पूर्णपणे शाश्वत झालं. इंजिनातला सर्वांत महागडा, गुंतागुंतीचा भाग काढून टाकल्यानं ऑडी आली, फोर्ड रेड बुलशी जोडली गेली आणि कॅडिलॅक अकरावा संघ झाला. २०१४ मध्ये इंजिनाचे नियम बदलले तेव्हा मर्सिडीज जी पुढे गेली, ती आठ वर्षं संघांच्या अजिंक्यपदाला कुणाला शिवू देईना. ते टाळायला या वेळी मागे पडणाऱ्या इंजिन उत्पादकाला सुधारणेची जादा संधी ठेवली आहे. चूक होणारच नाही असं नियम करणारे धरून चालत नाहीत, ती दुरुस्त करायची वाट आधीच आखून ठेवतात. माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी प्रगती.

आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या. हा खेळ की करमणूक, या कराच्या वादात ते स्वप्न विरलं. ट्रॅक आजही आहे. फोर्स इंडियानं २०११ मध्ये घेतलेल्या निवडीतून पुढे आलेला मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून आला. फॉर्म्युला वनचं दार त्याला उघडलं नाही. अकराव्या संघानं तिथल्या जागा वीसवरून बावीस झाल्या.

भारतीय ड्रायव्हरांनी फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले गुण आजही कार्तिकेयनचे ते पाचच आहेत. त्यात त्याचा दोष काडीचा नाही. समोर जी शर्यत आली ती त्यानं नीट चालवली. मला आस आहे ती सहाव्या गुणाची. तो येईल त्या रात्री ग्रिडवर बावीसच्या बावीस गाड्या उभ्या असाव्यात आणि एकही पिटकडे वळू नये.