सातबारा नसलेल्याची वाट कोणती?

22 मे 2025 रोजी महसूल विभागाने शेतरस्त्यांबाबत शासन निर्णय काढला. रस्ता रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असे त्यात आहे. चांगलेच झाले! पावसाळ्यात पाणंदीचा चिखल काय करतो हे वाशिमच्या काळ्या रानात राहणाऱ्याला सांगायला नको. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याने कोणत्या वाटेने जायचे?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 143 बघा. दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागायचा हक्क तिथे आहे, पण तो जमीनधारकाला. शेळ्या राखणारी म्हातारी, सरपण आणणारी बाई, भूमिहीन मजूर त्या कलमात कुठेच नाहीत. वस्तीतून गायरानाकडे, नदीकडे, मसणवटीकडे जाणारी वाट एखाद्या जातदांडग्याने काट्या टाकून अडवली, की तो 'गावातला आपसातला वाद' ठरतो.

मात्र त्याच अधिनियमात 160 पासून 167 पर्यंतची कलमे खास विदर्भासाठी आहेत. वाशिम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी विदर्भातच आहे. या कलमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने गावाचे निस्तार पत्रक करायचे असते. गुरे कुठे चरतील, सरपण, माती, मुरूम कुठून आणता येईल, हे त्यात येते. कलम 165 चा वाजिब-उल-अर्ज तर खाजगी जमिनीतून पूर्वापार चालत आलेली वहिवाटसुद्धा नोंदवतो. इथे सातबाऱ्याची अट नाही. आमच्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावचे हे कागद तहसिलीत मागून पाहिले? मोर्चाचे निवेदन द्यायला आम्ही तत्पर असतो, नकला काढायला नाही.

आता गायरानाचे बघू. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो तुरुंगात गेले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपालसिंग निकालात सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा म्हटले, पण भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. हा अपवाद मात्र नोटिसा बजावणाऱ्यांना दिसत नाही.

2022 साली राज्य सरकारने उच्च न्यायालयात आकडे दिले: सुमारे 2 लाख 22 हजार अतिक्रमणे, सुमारे 10 हजार हेक्टर. भागाकार केला तर एकाच्या वाट्याला साडेचार गुंठे येतात! गोरगरिबांना नोटिसा निघाल्या त्याच वर्षी वाशिम जिल्ह्यातल्या घोडबाभूळचे 37 एकर गायरान गाजले. तत्कालीन महसूल राज्यमंत्री अब्दुल सत्तार यांनी जून 2022 मध्ये ते एका खाजगी व्यक्तीला देण्याचा आदेश दिला होता. डिसेंबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोटीस काढली, अधिवेशनात गदारोळ झाला. साडेचार गुंठ्यांना बुलडोझर आणि 37 एकरांना मंत्रालयाचा शिक्का, याला कोणते धोरण म्हणायचे?

इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर भागातले कामगार जमीनदारांचा किंडर स्काउट डोंगर चढून गेले. पाच जण तुरुंगात गेले. मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क देणारा कायदा तिथे 2000 साली झाला. आमच्या बापाने त्याच्या पाच वर्षे आधी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलावांबरोबर 'रस्ते' हा शब्दही आहे.

2015 च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सामायिक साधनसंपत्ती, स्मशानभूमी, रस्ता वापरायला जातीवरून अडवणे हा स्पष्ट गुन्हा आहे. ठाण्यात फिर्याद देताना पूर्वीची वहिवाट कागदावर दाखवता आली, तर प्रकरण तगते. त्यासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकलांचे अर्ज आधी तहसिलीत पडले पाहिजेत. गावात पत्रक नसेल तर ते करा, असा ठराव ग्रामसभेत आमच्याच वस्तीने मांडावा.